गोदामातले पन्नास लाख

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका मूळच्या सांगलीच्या, वय 37, शिक्षणाने सीए. वडील हळदीचे अडते. सिंगापूरला नोकरी करताना एका चिनी सहकाऱ्याशी लग्न झालं आणि सहा वर्षांपूर्वी दोघं चीनमध्ये, हांगझोऊला राहायला आली. सासऱ्यांचा त्याच झेजियांग प्रांतात, पान-आन या डोंगराळ भागात छोटा कारखाना आहे. शेतकऱ्यांकडून औषधी मुळं आणि कंद घ्यायचे, निवडायचे, धुवायचे, कापायचे, वाळवायचे, काही भाजायचे, काही मधात परतायचे आणि काढ्यासाठी तयार झालेले हे काप सरकारी रुग्णालयांना पुरवायचे, असा हा धंदा. कामगार 42, मालाचे प्रकार सुमारे 400, वर्षाची विक्री 3 कोटी युआन, निव्वळ नफा 18 लाख.

सासरे 68 वर्षांचे आहेत आणि यंदा कारभार मुलाच्या हाती द्यायचं म्हणतात. यजमानांना राहतं घर गहाण ठेवून 50 लाख युआनचं कर्ज काढायचंय, आरोग्यवर्धक चहाचा ब्रँड सुरू करायचाय आणि तो मोबाइलवर लाइव्ह येऊन विकायचाय. पत्रलेखिकेला वाटतं, पैसा घालायचाच तर प्रयोगशाळेत आणि नव्या औषधाच्या संशोधनात घालावा, कारण मोठ्या कंपन्या त्यावरच मोठ्या झाल्या. सासरे म्हणतात, धंदा माणसांवर चालतो, ओळखी जपा, बाकी आपोआप होतं. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे: "तिघांपैकी बरोबर कोण? अशा छोट्या कंपनीचं बरं-वाईट नेमकं कशावर ठरतं? आणि परक्या देशातून आलेल्या सुनेने यात बोलावं का?" सोबत तीन वर्षांचे ताळेबंद जोडलेत.

प्रिय सांगलीकर,

ताळेबंद पाठवलेत, फार बरं केलंत. घरच्या धंद्याबद्दलच्या पत्रांत माणसांविषयी पानंच्या पानं असतात आणि आकड्यांची एखादी ओळ. तुम्ही दोन्ही दिलंत, त्यामुळे नीट बोलता येईल.

तिघांची मतं एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. यजमान नव्या गिऱ्हाइकाबद्दल बोलतायत, तुम्ही नव्या मालाबद्दल, सासरे जुन्या गिऱ्हाइकाबद्दल. तिघांचीही नजर माल ज्या दारातून बाहेर जातो त्या दारावर आहे. माल ज्या दारातून आत येतो तिकडे कोणीच पाहत नाहीये. मुंबईच्या एका औषध कंपनीसाठी मी 14 वर्षं वनस्पतीजन्य कच्च्या मालाची खरेदी केली, त्यातली बरीचशी चीनमधून. त्यामुळे माझी नजर आधी त्या दुसऱ्या दाराकडेच जाते.

तुमच्या ताळेबंदातले दोन आकडे घेऊ. गोदामात 1 कोटी 20 लाखांचा माल. रुग्णालयांकडून येणं 1 कोटी 25 लाख. विकलेला माल तुम्हाला वर्षाला 2 कोटी 40 लाखांना पडतो, म्हणजे महिन्याला 20 लाख. याचा अर्थ गोदामात 6 महिन्यांचा माल पडून आहे. विक्री महिन्याला 25 लाखांची, म्हणजे 5 महिन्यांची विक्री उधारीत अडकली आहे. उलट शेतकऱ्यांचे आणि बाजारातल्या अडत्यांचे पैसे तुम्हाला महिन्याभरात चुकते करावे लागतात. सहा आणि पाच अकरा, वजा एक. आज शेतकऱ्याच्या हातावर ठेवलेला युआन घरी परत यायला 10 महिने लागतात.

या दहांतले दोनच महिने कमी करा, एक गोदामातला आणि एक उधारीतला. 20 लाख आणि 25 लाख, मिळून 45 लाख युआन मोकळे होतात. यजमान घर गहाण टाकून मागतायत ते 50 लाख. ते पैसे बहुतेक सगळे तुमच्याच घरात आहेत, पोत्यांत भरलेले आणि रुग्णालयांच्या हिशेबात अडकलेले.

म्हणून तुमच्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर असं. तुमच्यासारख्या छोट्या चिनी औषध कंपनीचं बरं-वाईट दोन गोष्टींवर ठरतं: खरेदी किती जाणतेपणी होते आणि पैसा किती लवकर फिरून येतो. ब्रँड, संशोधन, ओळखी या गोष्टी खऱ्याच आहेत, पण त्या या पायावर उभ्या राहतात. पाया कच्चा असेल तर वरचं ओझं जितकं वाढवाल तितकी इमारत लवकर बसते.

आता हे असं का, ते थोडं सविस्तर सांगते. तुम्हाला हे कोणी समजावून दिलं नसावं असं पत्रावरून वाटलं, आणि तुमच्यासारखे बाहेरून या धंद्यात आलेले आणखीही वाचक असतील.

पान-आनची पाच औषधं प्रसिद्ध आहेत: बाइझू, युआनहू, श्युआनशेन, बाइशाओ आणि झे-बेइमू. या पाचही, आणि त्यांच्या जोडीला आणखी तीन, 'झेजियांगची आठ औषधं' म्हणून चीनभर ओळखल्या जातात. (त्या आठांतली वेन-युजिन ही तुमच्या माहेरच्या हळदीच्या कुळातलीच. सासऱ्यांशी बोलायला हा विषय चांगला आहे.) चिनी वैद्यकात औषध कुठल्या मातीतलं आहे याला फार किंमत. अस्सल मुलुखातला माल असेल तर वैद्य दोन पैसे जास्त मोजायला तयार असतो. तुमची कंपनी नेमकी त्या मुलुखात बसली आहे, ही तुमची मोठी जमेची बाजू.

पण हा माल वर्षातून एकदाच येतो. झे-बेइमूचे कंद उन्हाळ्याच्या तोंडाला, मे महिन्यात पाला वाळला की निघतात. बाइझू ऑक्टोबर-नोव्हेंबरात. ज्या थोड्या आठवड्यांत माल येतो त्यातच वर्षाची खरेदी करायची, आणि ती अंदाजाने. त्यातून बाइझूचं पीक दोन वर्षांचं. एका वर्षी भाव चढला की सगळे डोंगर बाइझूने भरतात आणि दोन वर्षांनी सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो. युन्नान प्रांतात सानची नावाचं जिनसेंगच्या कुळातलं मूळ पिकतं, त्याला साधारण तीन वर्षं लागतात. दुष्काळानंतर त्याचा भाव चढत गेला, 2013च्या सुमाराला शिखरावर पोहोचला आणि मग लागवडीचा पूर आल्यावर धाडकन आपटला. चढत्या भावात भरून ठेवणारे त्यात बुडाले. हळदीच्या पेवांच्या गावाजवळ वाढलेल्या मुलीला हे वेगळं काय सांगायचं? भाव येईल म्हणून पेवात ठेवलेला माल आणि भाव येईल म्हणून पान-आनच्या गोदामात ठेवलेला माल, दोन्हींच्या मागची आशा एकच असते.

तुम्ही लिहिलंय, दोन वर्षांपूर्वी भाव चढत असताना सासऱ्यांनी बराच बाइझू भरून ठेवला आणि त्यातला निम्मा अजून आहे. ती ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले.

हांगझोऊला राहता, तर हू चिंग-यू थांग हे जुनं औषधालय पाहिलंच असेल, आता तिथे संग्रहालयही आहे. हू श्युएयान या व्यापाऱ्याने ते 1874 मध्ये सुरू केलं. दुकानातल्या बाकीच्या पाट्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून आहेत. 'फसवणूक वर्ज्य' या अर्थाची 1878 सालची एक पाटी मात्र आतल्या बाजूला तोंड करून टांगली आहे, रोज काम करणाऱ्यांनी वाचावी म्हणून. ही गोष्ट चीनमध्ये सगळ्यांना ठाऊक असते. त्याच माणसाची दुसरी गोष्ट मात्र तुमच्या घरात जास्त बोलली जायला हवी. हू श्युएयान त्या काळच्या चीनमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक होता. त्याने परदेशी व्यापाऱ्यांशी टक्कर देण्यासाठी कच्चं रेशीम भरून ठेवलं, भाव पडले, त्याच्या पेढ्यांवर ठेवीदारांची झुंबड उडाली आणि 1883 मध्ये सगळं कोसळलं. दोन वर्षांत तो गेला. औषधालय दुसऱ्याच्या मालकीचं झालं, पण बंद पडलं नाही, आजही चालू आहे. एकाच माणसाच्या दोन धंद्यांपैकी खऱ्या मालावर उभा असलेला टिकला आणि भाववाढीच्या भरवशावर साठा करणारा बुडाला. सासऱ्यांना हा इतिहास तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असणार. त्यांच्याच तोंडून तो ऐका.

तुमच्या प्रश्नातल्या 'बरं-वाईट' या शब्दांकडेही परत बघायला हवं. तुम्ही त्याचा अर्थ वर्षाचा निव्वळ नफा असा धरलाय. पण 18 लाख नफ्यात वेगवेगळ्या जातीचे पैसे मिसळलेले असतात. काही माल निवडून, कापून, संस्कार करून कमावलेले. काही केवळ साठा असताना भाव चढला म्हणून मिळालेले. काही सरकारी अनुदानाचे. तुम्ही सीए आहात, हे ढीग वेगळे करायला तुम्हाला दोन रविवार पुरतील. तीन वर्षांचे करा. पहिल्या ढिगात दरवर्षी किती राहतं, तेवढीच कंपनीची खरी कमाई. माझा अंदाज आहे की ज्या वर्षी नफा सर्वांत जास्त दिसतो त्या वर्षी हा ढीग सर्वांत मोठा नसेल.

मोठ्या कंपन्यांकडे बघून शिकायचं म्हणता, तर त्यांच्या चुकाही बघा. शानदोंगमधली तुंग-अ अ-च्याओ ही गाढवाच्या कातड्यापासूनच्या औषधी गोंदाची नामांकित कंपनी. वर्षानुवर्षं तिने भाव वाढवत नेले. भाव वाढणारच म्हणून वितरक माल भरत राहिले, कागदावर विक्री उत्तम दिसत राहिली. ते औषध पिणाऱ्यांची संख्या त्या वेगाने वाढत नव्हती. 2019 मध्ये कंपनीला तोटा झाला, 1996 मध्ये शेअर बाजारात आल्यापासूनचा पहिलाच. एवढ्या मोठ्या नावाला जे सावरायला जड गेलं ते 42 माणसांच्या कारखान्याला झेपणार नाही.

आता सासऱ्यांच्या म्हणण्याकडे येते. 'धंदा माणसांवर चालतो' हे त्यांचं वाक्य मला खोटं वाटत नाही. फक्त त्यात दोन वेगळी नाती एकत्र झाली आहेत. एक नातं रुग्णालयाच्या खरेदी विभागाशी, दुसरं डोंगरातल्या शेतकऱ्याशी. पहिल्याचे दिवस सरत आले आहेत. 2017 मध्ये चीनच्या सरकारी रुग्णालयांनी औषधांवर नफा चढवून विकणं बंद झालं, पण काढ्याचे काप त्यातून वगळले गेले, त्यामुळे रुग्णालयांना तुमच्या मालात रस राहिला आणि ओळखीला किंमत राहिली. पण पुढे 2023 मध्ये शानदोंगच्या पुढाकाराने अनेक प्रांतांनी मिळून 21 प्रकारच्या कापांची एकत्र खरेदी केली आणि भाव सरासरी सुमारे 30 टक्क्यांनी खाली आले. त्याच वर्षी वैद्यकीय क्षेत्रातल्या लाचखोरीविरुद्ध देशभर मोहीम सुरू झाली. जेवणावळी आणि भेटवस्तूंवर टिकलेली ओळख आता कामाला येत नाही, उलट गोत्यात आणते. तुमच्या कारखान्यात असं काही होत असेल असं मी म्हणत नाही. पण कारभार हाती घेण्याआधी यजमानांनी हे वडिलांना सरळ विचारायला हवं, आणि असेल तर त्याच दिवशी थांबवायला हवं.

दुसरं नातं मात्र सोन्यासारखं आहे. चिनी औषधांच्या कच्च्या मालात काय काय होतं ते मी पाहिलंय. आनह्वेइ प्रांतातल्या बोझोऊच्या प्रचंड बाजारात सकाळी पोती उघडी करून ठेवलेली असतात, सगळीकडे कडवट-गोड वास भरलेला असतो. मी एकदा वरच्या पोत्यांचा नमुना पाहून अख्खा गट घेतला. मुंबईत माल उतरला तेव्हा आतल्या निम्म्या पोत्यांत दमटपणा आणि बुरशी. त्यानंतर आम्ही प्रत्येक पोत्याच्या मधोमध पोकळ सुई खुपसून नमुना काढल्याशिवाय एक किलोही उचलला नाही. पण त्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे माणूस माहीत असणं: कुठल्या उतारावरचं शेत, कोणतं खत, काढणी कधी, वाळवणी कशी.

आणि आता हे फक्त चांगुलपणाचं राहिलेलं नाही. चिनी औषधकोशाच्या 2020च्या आवृत्तीने बंदी असलेल्या 33 कीटकनाशकांचा अंशही वनस्पतीजन्य मालात सापडता कामा नये असं ठरवलं. माल पांढराशुभ्र दिसावा आणि कीड लागू नये म्हणून गंधकाची धुरी देण्याची जुनी पद्धत होती, त्याच्या अवशेषालाही मर्यादा आहे: बहुतेक मालाला किलोमागे 150 मिलिग्रॅम, ठरावीक दहा प्रकारांना 400. बेइमूला पूर्वी सर्रास धुरी देत, हे तुमच्या सासऱ्यांनी पाहिलं असणार. एका शेताचा माल नापास झाला तर पूर्ण गट बाद होतो, आणि शेतकऱ्याला पैसे तर आधीच दिलेले असतात. ज्या शेतकऱ्याला सासरे वीस वर्षं ओळखतात, त्याचा माल नापास होण्याची धास्ती कमी. ही ओळख ताळेबंदात कुठेच दिसत नाही, पण तुमच्या कंपनीची सर्वांत मौल्यवान मालमत्ता तीच आहे. आणि ती एका 68 वर्षांच्या माणसाच्या डोक्यात आहे.

तुमच्या संशोधनाबद्दल. तुमचा ओढा मला समजतो. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं, ते जुन्या चिनी ग्रंथातल्या उल्लेखावरून पुढे गेलेल्या मलेरियाच्या औषधासाठी, आणि तेव्हापासून प्रत्येक छोट्या कारखान्याला वाटतं आपल्याही गोदामात असं काही दडलंय. पण त्यामागे सरकारी प्रकल्प होता आणि अनेक संस्थांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. 18 लाख नफ्यावर नवं औषध उभं राहत नाही. काप बनवणाऱ्या कारखान्यांना 1 जानेवारी 2008 पासून औषध-उत्पादनाचे पूर्ण नियम लागू झाले. प्रयोगशाळा, स्वच्छ खोल्या, नोंदी, हा खर्च 42 कामगारांच्या कारखान्यालाही आहे आणि 4,000 कामगारांच्याही. तुमच्या नफ्यातला मोठा हिस्सा तिथेच जातो. नवी प्रयोगशाळा बांधण्याआधी एक साधा बदल करून बघा: तपासणी खरेदीच्या आधी आणा. काढणीपूर्वी दोन आठवडे शेतावरून नमुना घ्या, बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, अहवाल आला की सौदा पक्का करा. तपासणीचा खर्च तोच, पण नापास झालेला माल तुमच्या पैशाने तुमच्या गोदामात येत नाही.

संशोधन म्हणायचंच तर वाळवणीत करा. 2021 मध्ये चिनी औषध प्रशासनाने, पिकाच्या गावीच ताजे कापून वाळवलेले काही प्रकार कारखान्यांना घेता येतील असं स्पष्ट केलं. ओला कंद एकदा पूर्ण वाळवायचा, मग कापण्यासाठी पुन्हा भिजवायचा आणि पुन्हा वाळवायचा, यात सत्त्व जातं, इंधन जातं आणि आठवडे जातात. झेजियांगच्या यादीत तुमच्या कोणकोणत्या वनस्पती बसतात ते काढा आणि त्यांतल्या एकीवर या हंगामात प्रयोग करा. धुरी न देता, ताज्या कापलेल्या बेइमूचा चांगला रंग टिकवता आला, तर तो शोध तुमच्या आकाराच्या कंपनीला परवडणारा आहे आणि गोदामातले दिवसही कमी करणारा आहे.

यजमानांच्या चहाबद्दल मला जास्त काळजी वाटते, आणि त्याचं कारण तुमच्या पत्रात नाही. चीनमध्ये अन्नही आणि औषधही मानल्या जाणाऱ्या पदार्थांची सरकारी यादी आहे, त्यात 100हून जास्त नावं आहेत. औषधी वनस्पतींपैकी साध्या चहात किंवा खाण्याच्या पदार्थात फक्त तीच घालता येतात. शेवंती त्यात आहे, खजुरासारखं दिसणारं चिनी बोर आहे, आलं आहे. तुमची बाइझू, बाइशाओ, श्युआनशेन, झे-बेइमू त्यात नाहीत. त्या वेगळ्या परवान्याच्या आरोग्य-उत्पादनांत चालतात, आणि तो परवाना वेळखाऊ आणि महाग. युआनहू तर त्यातही नाही. म्हणजे यजमान ज्या चहासाठी घर गहाण ठेवतायत, त्यात पान-आनच्या या पाचांपैकी एकही वनस्पती घालता येणार नाही. शेवंती तोंगशियांगहून विकत आणावी लागेल, जिथे ती पिकवणारे आणि विकणारे आधीच पुष्कळ आहेत. वर लाइव्ह करणाऱ्याचं कमिशन, परत आलेल्या मालाचा खर्च, आणि 'या चहाने अमुक आजार बरा होतो' असं एक वाक्य तोंडून गेलं तर दंड. सासऱ्यांची चाळीस वर्षांची जाण त्या पाकिटात कुठेच उतरणार नाही.

तरी त्यांना नाही म्हणू नका. रुग्णालयांबाहेर गिऱ्हाईक शोधायला हवं, हे त्यांना बरोबर दिसलंय, आणि तुम्हा तिघांत ते सर्वांत आधी त्यांना दिसलं. फक्त तो रस्ता चहापेक्षा जवळ आहे. शहरांतली खाजगी चिनी वैद्यकीय केंद्रं चांगल्या मुलुखाचा, शेतापर्यंत माग काढता येणारा माल शोधत असतात, थोड्या प्रमाणात घेतात आणि रुग्णालयांपेक्षा लवकर पैसे देतात. दुसरं, 2018 मध्ये सरकारने 100 प्राचीन औषधयोगांची, म्हणजे ठरलेल्या मिश्रणांची, यादी काढली, त्यांना मंजुरीसाठी पूर्ण रुग्ण-चाचण्या कराव्या लागत नाहीत. ते योग मोठ्या कंपन्या बनवतील, पण त्यांना लागणारा कच्चा माल ठरलेल्या मुलुखातला आणि नोंदी असलेला हवा. तिथे पान-आनचा छोटा पण चोख पुरवठादार बसू शकतो. यजमानांना मोबाइलवरचं बोलणं जमतं ना? मग त्यांनी शेत दाखवावं, काढणी दाखवावी, आणि बघणारा वैद्य असावा. त्याला 3 लाख युआन लागतील, 50 नाही. ते 3 लाख या वर्षी वसूल होणाऱ्या उधारीतून द्या. घर गहाण ठेवू नका. यावर मी ठाम आहे.

चारशे प्रकारांचं काय करायचं? प्रत्येक वनस्पतीचं वेगळं खातं काढा: किती पैसा अडकला, किती दिवस, किती सुटला. बहुधा तीस-चाळीस प्रकार घर चालवत असतील आणि दोनशे केवळ रुग्णालयाच्या यादीत नाव हवं म्हणून गोदामात असतील. ते सरसकट बंद करता येणार नाहीत, कारण रुग्णालयाला सगळी यादी एकाच ठिकाणी हवी असते. दुसऱ्याचे तयार काप आणून त्यावर आपली चिठ्ठी लावणं तर कायद्यानेच बंद आहे, तो मोह कोणी दाखवला तरी धरू नका. पण विक्रीचा परवाना असलेल्या वितरकाशी भागीदारी करता येते. तुम्ही तुमचे चाळीस प्रकार द्या, तो बाकीचे त्यांच्या त्यांच्या उत्पादकांच्या नावाने जोडून यादी पूर्ण करेल. यात थोडा नफा सुटेल. गोदामाचा एक महिना मात्र इथेच कमी होईल, आणि तो साठलेला बाइझू तोटा सोसून काढलात तर आणखी. उधारीचंही तसंच: रुग्णालयानुसार यादी लावा, जुन्यात जुनं येणं वर. जे एक रुग्णालय 9 महिने लावतं त्याचा पुरवठा वाढवू नका, मागणी कितीही गोड असली तरी.

शेवटचा प्रश्न तुम्ही सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान अक्षरात विचारलात: परक्या सुनेने बोलावं का?

बोलावं. पण हिशेब तपासायला आल्यासारखं नको. ताळेबंद पुढ्यात ठेवून 'तुमचा बाइझू चुकला' म्हणालात तर तिथेच सगळं संपेल. सासऱ्यांना चिनीतही 'बाबा'च म्हणता ना? मग एके दिवशी त्यांच्याबरोबर गोदामात जा आणि विद्यार्थी म्हणून जा. ते बाइझूचा तुकडा मोडतील, कापावरचे तपकिरी-पिवळे तेलाचे ठिपके दाखवतील, नाकाशी धरायला देतील. हा कुणाच्या शेतातला, असं विचारा. बहुधा नाव सांगतील, गाव सांगतील, त्याचा बाप कसा होता तेही सांगतील. लिहून घ्या. दर शनिवारी एक वनस्पती. यजमानांना मोबाइलवर चित्रण करायला लावा, त्यांना ते आवडतंच. सहा महिन्यांत तुमच्याकडे शेतकऱ्यांची आणि मालाच्या पारखीची अशी वही होईल जी कोणत्याही बँकेत गहाण पडत नाही आणि कोणत्याही वितरकाकडे नाही. ती वही भरत असतानाच, एखाद्या पोत्यापाशी, ते स्वतःच म्हणतील की हा माल जास्त दिवस राहिला. तेव्हा आकडा सांगा. तोवर खिशात ठेवा.

बेइमूची काढणी मे महिन्यात सुरू होईल. त्याआधी एवढंच जमवा: मोठ्या आठ वनस्पतींची खाती, रुग्णालयांकडची उधारी किती जुनी आहे त्यानुसार यादी, आणि बेइमू पिकवणाऱ्या दहा शेतांचे काढणीपूर्व नमुने. ती खाती तयार झाली की रुग्णालयांची आणि शेतकऱ्यांची नावं झाकून मला पाठवा. साठलेला बाइझू एकदम काढायचा की दोन हंगामांत, ते त्या आकड्यांवरून बोलू.